सर्वांच्या संमतीने मीठ

कुसाका मिचिरू नोकरीत नेमकं काय करते, हे तिच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारपाजारी ती 'मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगून विषय मिटवायची. खरं सांगायचं तर मिचिरू राक्षसांना न्याय द्यायची.

ओसाकाच्या हिबारीया कंपनीचा 'बाकेजिमा' हा खेळ तेव्हा जोरात होता. मुलं हातातल्या छोट्या यंत्रावर बाके नावाचे राक्षस पाळायची, लाडाने वाढवायची आणि मग दोन यंत्रं तारेने जोडून ते एकमेकांच्या अंगावर सोडायची. बाके दहा प्रकारचे होते. पाण्याने आग विझायची, आगीने लाकूड जळायचं, लोखंडाने लाकूड तुटायचं, असं ते चक्र. कोणी कोणाला दुप्पट मारायचं, कोणी निम्मं, याचा एक मोठा तक्ता होता आणि तो सांभाळायला 'समतोल विभाग' होता. विभागात माणसं दोन. निवृत्तीला टेकलेले प्रमुख तोकुनागा आणि चौतिशीची मिचिरू.

तक्ता तसा चांगला होता. घोडं अडलं होतं भुतापाशी.

भूत प्रकारातला 'युरापी' हा बाके खुद्द कंपनीचे अध्यक्ष ओनोदेरा यांनी काढला होता. ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या धिरड्यांच्या दुकानात बसल्या बसल्या, कागदी रुमालावर. तो रुमाल सॉसच्या डागासकट चौकटीत बसवून कंपनीच्या दारातच लावला होता, आणि जाता-येता त्याच्यासमोर मान किंचित लववायची असं कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळेच लववत. आता अशा युरापीला अमक्याने मारावं, हे तक्त्यात लिहिणार कोण? पाण्याने भूत कसं मरेल? विजेने तरी कसं मरेल? प्रत्येकाने तर्कशुद्ध कारणं देऊन कानावर हात ठेवले, आणि भूत चार वर्षं अजिंक्य राहिलं. मुलं काही खुळी नसतात. देशभरच्या स्पर्धेत गेल्या वर्षी पोरांनी रांगेने भुतंच आणली होती.

त्याच स्पर्धेत शेवाळाचं कासव घेऊन आलेली एक मुलगी तीन डावांत हरली. तिने ते कासव दोन वर्षं वाढवलं होतं. मिचिरूच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून ती जवळ आली आणि तिने विचारलं, "माझं काही चुकलं का?" मिचिरूला म्हणायचं होतं, तुझं नाही गं, आमचं चुकलं. पण सवयीने तोंडातून निघालं, "यावर विचार करू." दहा वर्षांच्या मुलीला! ते उत्तर आठवलं की मिचिरूला अजून स्वतःची लाज वाटे.

विक्री घसरली तसे ओनोदेरा म्हणाले, काहीतरी नवं आणा, अकरावा प्रकार आणा. सोबत हेही कळलं, की येत्या ऑगस्टच्या स्पर्धेत पुन्हा भूतच जिंकलं तर समतोल विभाग दूरच्या तोत्तोरीच्या गोदामात विलीन होईल. गोदामात बाक्यांच्या कापडी बाहुल्या ठेवत. तिथे समतोल कसला साधायचा हे कोणी बोललं नाही.

"मला काय," तोकुनागा म्हणाले, "तोत्तोरीची नाशपाती मला आवडते. तुमचं बघा."

मिचिरूला उत्तर सापडलं ते मामाच्या अंत्यविधीहून परतताना. दारात उभं राहून, तिथे मिळालेली मिठाची पुडी फोडून तिने चिमूटभर मीठ खांद्यावर टाकलं आणि हात तसाच हवेत राहिला. मीठ! मेलेल्याची सावली घरात येऊ नये म्हणून मीठ, सुमोच्या रिंगणात मीठ, खानावळीच्या उंबऱ्याशी मिठाचे दोन ढीग. सारा देश भुताला मिठाने हाकलतो आणि आपण चार वर्षं डोकं खाजवत बसलो. ती आईला "आलेच" म्हणून तशीच ऑफिसात गेली.

आठवड्याभरात नवी ओळ आणि नवा रकाना जोडून तक्ता तयार होता. मीठ भुताला दुप्पट मारेल. मिठाने लोखंड गंजेल, झाडं करपतील. उलट पाण्यात मीठ विरघळेल, वाऱ्याने उधळेल. कोणाच्या डोक्यावर कोणीतरी आहेच, असं ते सगळं बसलं होतं. मिठाचा पहिला बाके होता उमेबो, खारवलेल्या उमेच्या फळासारखा गोल, सुरकुतलेला, कायम तोंड वाकडं केलेला. पाण्यापुढे आणि वाऱ्यापुढे बिचाऱ्याचा टिकाव लागावा म्हणून मिचिरूने त्याला एक गुण दिला. दर डावाला तो थोडा थोडा बरा व्हायचा, बरणीत मुरल्यासारखा.

तोकुनागांनी तक्ता खालपासून वरपर्यंत पाहिला. "सुंदर," ते म्हणाले. "आता हा कोणाला दाखवू नका."

"म्हणजे?"

"आख्खा दाखवू नका हो. ज्याची जी ओळ, त्याला तेवढीच दाखवा. आख्खा तक्ता समोर ठेवला की माणसं विचार करायला लागतात, मग वर्ष हातचं जातं. एकेकाच्या टेबलाशी जा, गोड बोला, शिक्का घ्या. बैठकीत फक्त माना डोलवायच्या उरल्या पाहिजेत."

याला नेमावाशी म्हणतात आणि ती केल्याशिवाय त्या कंपनीत चहाचे कपसुद्धा बदलत नसत. मिचिरूने योकानच्या गोड वड्यांचे डबे घेतले आणि ती फेरीला निघाली.

पहिले खेळणी विभागाचे इनुझुका. देहाने आडवे, मनाने सरळ. लोखंडाचा 'तेत्सुमारू' त्यांच्या दुकानांत सर्वात जास्त खपायचा. त्यांनी ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"गंजतो?"

"मिठाने लोखंड गंजतंच ना, इनुझुकासान."

"अहो, ते मला कळतं. पण दुकानात एखादी आई विचारेल, हा गंजतो का? आमच्या पोरीने काउंटरवर काय सांगायचं? 'हो बाई, पण फक्त खेळात'?" त्यांनी दातांतून हवा आत ओढली. तो आवाज ज्याने ऐकला त्याने पुढे काही विचारायचं नसतं. "जरा अवघड आहे बघा. ते दुप्पट तेवढं काढा."

मिचिरूने पेन्सिलीने दुप्पट खोडलं. इनुझुकांची नजर योकानच्या डब्यावर गेली आणि माणूस खरोखर कासावीस झाला.

"तुम्ही एवढं घेऊन आलात. मोकळ्या हाताने कसं पाठवू? असं करा, आमचा तेत्सुमारू तुमच्या उमेबोला निम्मंच मारेल. निम्मी परतफेड म्हणा."

कोणी खरबूज आणलं तर त्याच्या निम्म्या मोलाचा चहा परत पाठवायचा, हे त्यांना आईच्या दुधातून मिळालेलं. मिचिरूही त्याच दुधावर वाढलेली. तिने कमरेत वाकून आभार मानले. तक्त्यातलं एक घर गेलं, एक आलं. ठीकच झालं असं तिला वाटलं.

दुसऱ्या बेप्पुबाई. टीव्हीवरची बाकेजिमाची मालिका त्या सांभाळत. त्यांच्या पुढच्या वर्षभराच्या कथा लिहून झाल्या होत्या आणि त्यात लाकडाचा कोल्हा नायक होता.

"करपतो म्हणजे? चोविसाव्या भागात त्याचं लग्न आहे!"

"फक्त मिठापुढे हो, बेप्पुसान."

"लग्नात मीठ नसतं का? सगळ्या ताटांत असतं! नको बाई. पोरं रडतील, त्यांच्या आया मला फोन करतील." मग डबा उघडून त्यांनी एक वडी तोंडात टाकली आणि आवाज एकदम मऊ झाला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. आमचा कोल्हाही तुझ्या त्या रुसूबाईला निम्मंच मारेल. झालं समाधान?"

त्यानंतर मिचिरू भराभर फिरली आणि भराभर तसंच झालं. कमाल केली ती पाण्याचा प्रकार सांभाळणाऱ्या माणसाने. त्याचं तर काही जातच नव्हतं, उलट त्याला मीठ विरघळवायचं फुकटचं भाग्य मिळत होतं. पण तो लाजून लाल झाला. "नवा शेजारी राहायला आला आणि पहिल्याच दिवशी आम्ही त्याला विरघळवायचं? लोक काय म्हणतील? नाही नाही, निम्मं करा." वाऱ्याच्या माणसाने ते ऐकलं होतं. पाण्यापेक्षा आपण उर्मट दिसू नये म्हणून त्यानेही निम्मं करून घेतलं.

शेवटी अध्यक्ष. ओनोदेरांनी ओळ हातात धरली आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे एक घर राहू दे, असं मिचिरू मनात म्हणत होती.

"मीठ," ते म्हणाले.

"हो."

"युरापीला दुप्पट."

"हो."

"हं." मग दातांतून हवा. "कुसाकासान, युरापी माझ्या स्वभावाचा आहे. तो कोणाला भीत नाही. पण घरी आलेल्या पाहुण्याला त्रासही देत नाही. कळलं ना?"

कळलं. तिने तिथेच खोडलं आणि तिथेच निम्मं लिहिलं. अध्यक्षांनी शिक्का उमटवला, बाकीच्यांच्या शिक्क्यांपेक्षा किंचित वर.

राहिलं एकच घर. मीठ विरुद्ध मीठ. ते कोणत्याच विभागाचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. चार माणसांत बसल्यावर आपला पेला आपण भरत नाही, तसं तिने त्या घरात संकोचाने शून्य लिहून टाकलं.

बैठकीच्या आदल्या दुपारी तिने सगळ्या ओळी पहिल्यांदा एका कागदावर उतरवल्या. डाव्या हातात भाताचा ओनिगिरी होता, तो तसाच राहिला. मीठ कोणालाच जोरात मारत नव्हतं. पण मिठाला तर कोणीच मारत नव्हतं! दहाच्या दहा जण निम्मं मारणार आणि डाव संपेपर्यंत उमेबो मुरून पुन्हा टवटवीत होणार. एका अजिंक्य भुताला मारायला निघालेली बाई त्याहून अजिंक्य लोणचं घेऊन आली होती, आणि तेही सगळ्यांच्या सौजन्याने.

ती धावतच तोकुनागांकडे गेली. त्यांनी कागद पाहिला आणि हसू दाबलं.

"दोन उमेबो समोरासमोर आले तर?"

"खेळ संपणारच नाही."

"तपासणी विभाग काय म्हणतो?"

"त्यांनी खेळ बंद पडत नाही ना एवढं तपासलं. म्हणाले, अजिबात बंद पडत नाही."

"बरोबर आहे त्यांचं."

"तोकुनागासान, मी उद्या बैठकीत सांगते."

म्हाताऱ्याचं हसू गेलं. "काय सांगाल? तुम्ही सगळ्यांनी एवढं मन मोठं केलंत तिथेच माती झाली, असं? इनुझुकांना चारचौघांत? अध्यक्षांना? शिक्के पडलेत हो. आता बदलायचं तर पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात, आणि पहिलाच माणूस विचारणार, माझ्या शब्दात काय खोट होती?" मग जरा थांबून ते म्हणाले, "मी तुम्हाला अडवत नाही. एवढंच सांगतो, तीस वर्षांत त्या खोलीत कोणी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही."

बैठक चहा निवायच्या आत उरकली. कागद फिरला, माना डोलल्या. शेवटी ओनोदेरांनी रीत म्हणून विचारलं, "कोणाला काही?" मिचिरूने तोंड उघडलं. समोरून इनुझुका तिच्याकडे इतक्या मायेने पाहत होते, की लग्नात मुलीचा बापसुद्धा तसा पाहत नसेल. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं.

"सर्वांचे मनापासून आभार," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. मिचिरू हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून रडली. तिला दुःखापेक्षा रागच जास्त आला होता आणि तो सगळा स्वतःचाच होता. मुलीने सरळ प्रश्न विचारला तेव्हा आपण मूग गिळले, आज अध्यक्षांनी विचारलं तेव्हाही मूगच गिळले. आता या ऑगस्टमध्ये आणखी किती पोरांना वाटणार, की आपलंच काहीतरी चुकलं?

ऑगस्टमध्ये बंदराजवळच्या मोठ्या सभागृहात स्पर्धा भरली. पहिल्या दोन तासांत सगळे युरापी घरी गेले. विभागप्रमुखांच्या रांगेत आनंद मावेना. "भूत पडलं हो!" इनुझुकांनी मिचिरूची पाठ थोपटली. "तुमच्या रुसूबाईने करून दाखवलं!" अध्यक्षांचा चेहरा जरा ओढला गेला होता, पण पाहुण्याच्या हातून हरण्यातही एक खानदानीपणा असतो, अशी त्यांनी समजूत घातलेली दिसली. दुपारपर्यंत आग, वीज, लोखंड, सगळं संपलं. अंतिम सामन्याला अकिताहून आलेली मिसुझु नावाची मुलगी आणि वाकायामाचा कोहेई समोरासमोर बसले. पडद्यावर दोन सुरकुतलेले उमेबो एकमेकांकडे तोंड वाकडं करून पाहू लागले.

"उमेबोने मीठ फेकलं!" निवेदक ओरडला. "उमेबोवर काहीच परिणाम झाला नाही! आता उमेबोने मीठ फेकलं! उमेबोवर... काहीच परिणाम झाला नाही!"

लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. मग डबे उघडून जेवले. निवेदकाचा आवाज उतरत उतरत देवळात भटजी पुटपुटतो तसा झाला. दोन्ही यंत्रांचे सेल बदलून झाले. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल झोपलं, उठलं आणि पुन्हा झोपलं. सभागृहाचा व्यवस्थापक येऊन नम्रपणे घड्याळाकडे पाहून गेला, कारण संध्याकाळी तिथे बोन्साय मंडळाचे लोक येणार होते.

विभागप्रमुख बाहेरच्या मार्गिकेत जमले. सामना थांबवायचा कसा, हे कोणी एकट्याने ठरवणं शक्यच नव्हतं.

"मला वाटतं," बेप्पुबाई म्हणाल्या, "आधी इनुझुकासानचं मत घ्यावं."

"छे छे, आधी पाण्याचं."

"आमचं काय, वाऱ्याचं जे असेल तेच."

अशी नेमावाशी रंगात आली असताना आत मिसुझुने यंत्र खाली ठेवलं. तिने बोटं मोडली, समोरच्या कोहेईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ए, हे काही संपत नाही. जांकेन करायचं?"

"चालेल की!" कोहेईने बाह्या सरसावल्या.

पंचांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी मार्गिकेकडे पाहिलं, तिथून कोणीच परत आलं नव्हतं. तोवर पोरांनी मुठी हलवायला सुरुवात केली होती. दगड, दगड. बरोबरी! झोपलेली माणसं उठून बसली. कात्री, कात्री. पुन्हा बरोबरी! आता सगळं सभागृह उभं राहिलं. तिसऱ्यांदा मिसुझुने कागद उघडला, कोहेईने मूठ पुढे केली, आणि दिवसभर आला नव्हता असा गलका उठला. कोहेई हरला होता आणि खदाखदा हसत होता. "आणखी एकदा! आणखी एकदा!" त्याला तर हरल्याचं काही वाटतच नव्हतं. बघता बघता मागच्या रांगांतली पोरं एकमेकांशी खेळू लागली, मग त्यांच्या आया, मग सेल बदलणारा माणूस आणि पंच.

मिचिरू भिंतीला टेकून पाहत राहिली. तीनच गोष्टी. प्रत्येकाने एकाला मारायचं आणि एकाकडून मार खायचा, कोणाच्या शिक्क्याशिवाय, कोणाचं मन न राखता. तिला इतका आनंद झाला की छातीत दुखलं.

ओनोदेरा तिच्याकडे आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. मागून विभागप्रमुखही लगबगीने पोचले. त्यांचं अजून ठरलं नव्हतं, पण आता ठरवायचं काही उरलंही नव्हतं.

"हेच!" अध्यक्ष म्हणाले. "कुसाकासान, हेच मला हवं होतं. काय समतोल आहे! भूत हरलं, तर हरू दे. तुमचा विभाग राहील, गोदामाचं विसरा. आणखी दोन माणसं देतो."

तोकुनागांनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मिचिरूच्याही जिवात जीव आला.

"आणि पुढच्या वर्षी," ओनोदेरा म्हणाले, "हे जांकेनच आपल्या खेळात आणू. फक्त यात एक चौथं घालायचं." त्यांनी दोन्ही हात छातीपुढे धरले आणि मनगटं भुतासारखी खाली लोंबकळवली. "युरापी! दगड, कागद, कात्री, युरापी. कोणाला किती मारायचं ते तुम्ही बघा. सगळ्यांना भेटून मतं घ्या."

"वा!" बेप्पुबाई म्हणाल्या.

"मग पाचवं लोखंडाचं ठेवता येईल," इनुझुका म्हणाले. "कात्री तशी लोखंडाचीच असते. तेवढी तिला सूट द्यायची."

"पाणी कोणाला त्रास देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

सगळे मिचिरूकडे पाहू लागले. ती कमरेत वाकेल म्हणून तोकुनागा तर आधीच अर्धे वाकले होते. पलीकडे मिसुझु आणि कोहेई अजून खेळत होते आणि प्रत्येक हातानंतर कोणीतरी ओरडत होतं.

"नाही," मिचिरू म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण तो सगळ्यांनी ऐकला. इनुझुकांनी चष्मा काढला. बेप्पुबाई आपल्या बुटांकडे पाहू लागल्या. तोकुनागा अर्धे वाकलेले तसेच राहिले. अध्यक्षांची मनगटं अजून छातीपुढे लोंबत होती, ती खाली घ्यायचं त्यांना सुचेना. त्यांना राग आला नव्हता, नुसता प्रश्न पडला होता.

"कुसाकासान," त्यांनी हळूच विचारलं, "हे तुम्ही कोणाशी बोलून म्हणताय?"

"कोणाशीच नाही," मिचिरू म्हणाली.